कुंपणापलीकडच्या नोंदी

पहिल्या लॉकडाऊनच्या वसंतात नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पचं माझं ऑफिस बंद झालं आणि जेवणाच्या टेबलाचं एक टोक माझ्या वाट्याला आलं. मी एका कंपनीत डेटाबेस सांभाळतो. बायको संशोधनात आहे. ती वरच्या खोलीत दार लावून बसायची, मी खाली. दुपारपर्यंत दोघांनाही एकमेकांच्या मीटिंगा तोंडपाठ व्हायच्या. म्हणून जेवण झालं की मी अर्धा तास सायकल काढून बाहेर पडायचो.

उइटहॉर्नमधल्या आमच्या वस्तीपासून दहा मिनिटांवर, शेतांच्या मध्ये एक लहान गाव आहे. तिथे एक कॅथलिक चर्च आणि चर्चमागे दफनभूमी. बाकी सगळीकडे अंतर पाळून चालणाऱ्यांची गर्दी असायची, इथे कुणी नसायचं. एके दिवशी फाटकातून आत पाहिलं तर आमच्याच रांगेतल्या कोपऱ्यावरच्या घरात राहणाऱ्या आजी एका थडग्यासमोर गुडघे टेकून बसल्या होत्या. हातांत रबरी मोजे, शेजारी पाण्याची बादली, मऊ ब्रश, आणि गवतावर ठेवलेला न्हाणीघरातला मोठा आरसा.

'आजी' हे आम्ही घरात ठेवलेलं नाव. त्यांचं वय एक्क्याऐंशी. आयुष्यभर शाळेत शिकवलेलं, नवरा वारून बारा वर्षं झालेली, दोन मुलगे लांब राहणारे. मला नावानेच हाक मार, असं त्यांनी ओळखीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. तोंडावर मी त्यांना 'मेफ्राउ' म्हणायचो, म्हणजे 'बाई'. त्या माझ्याशी डचमध्ये बोलायच्या, हळू, एकेक शब्द सुटा करून. मी अडलो की इंग्रजीत शिरायचो.

"आलास ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "आरसा धरता येतो?"

"कसा धरायचा?"

"ऊन पकड आणि दगडावर बाजूने टाक. समोरून नको."

मी आरसा तिरपा केला. दगडावर मघापर्यंत काहीच दिसत नव्हतं. नुसता करडा, शेवाळलेला पृष्ठभाग. बाजूने उजेड पडताच झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावल्या आल्या आणि एक अख्खं नाव उठून दिसलं. आजींनी फोटो काढला, वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या दगडाकडे सरकल्या.

इथे कबर कायमची नसते, हे मला त्या दिवशी कळलं. जागा ठरावीक वर्षांसाठी मिळते. मुदत संपली की दगडापाशी एक पत्रक लावतात: नातेवाइकांनी संपर्क साधावा. कुणीच आलं नाही, तर काही काळाने दगड काढून टाकतात. गावच्या इतिहास मंडळातल्या सात-आठ म्हाताऱ्यांनी ठरवलं होतं की दगड जाण्याआधी निदान त्याचा फोटो आणि नोंद राहावी. पण साथ आली आणि मुलांनी आपापल्या आईवडिलांना घरात बसवलं. आजींचे मुलगे फोनवरून रागवायचे. आजी त्यांना सांगायच्या, मी जिथे जाते तिथे माझ्या जवळ येऊन कुणी खोकणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. मग रोजच जाऊ लागलो. आमचं काम दीड मीटर अंतर राखून चालायचं. आरसा धरायला तेवढं अंतर नाहीतरी लागतंच. त्यांनी मला काही नियम घालून दिले. तारेचा ब्रश कधी वापरायचा नाही. साबण नाही, फक्त पाणी. अक्षरांत खडू भरायचा नाही. वाचता आलं नाही तर अंदाजाने नाव पूर्ण करायचं नाही, टिंब द्यायचं. हा शेवटचा नियम मला माझ्या कामामुळे माहीत होता. मी संध्याकाळी त्यांच्या वहीवरून एक्सेलचा तक्ता तयार करायचो: रांग, क्रमांक, नाव, जन्म, मृत्यू, फोटोचा आकडा, शेरा.

मी हे भुसावळला आईला फोनवर सांगितलं. बाबा रेल्वेत होते. ते गेल्यावर आई तिथेच, काकांच्या शेजारी राहत होती.

"काम नाही का तुला दुसरं?" ती म्हणाली. "आपल्या आजोबांना नाल्याच्या काठाला पुरलं, तिथं दगड नाही की धोंडा नाही. आता तो नाला पण तिथं नाही. आणि तू गोऱ्यांच्या कबरी पुसतोस."

तिचं म्हणणं खरंच होतं. धम्मदीक्षेनंतर आमच्याकडे दहन करू लागले. त्याआधीच्या पिढीला गावाबाहेर पुरत, आणि जागा लक्षात ठेवणारे होते तोवरच ती जागा होती. मी तिला विचारलं, "फोटो तरी किती आहेत आपल्याकडे?"

"ट्रंकेत आहेत. चिकटलेत एकाला एक."

आजींच्या मंडळाकडे लोक जुने फोटोही आणून देत, त्यामुळे त्यांना यातलंही कळत होतं. त्यांनी सांगितलं तसं मी व्हिडिओ कॉलवर आईला सांगायला लागलो. एकाला एक चिकटलेले फोटो ओढायचे नाहीत. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर काचेसकट ठेवायचा, काचेवरूनच कॉपी काढायची. मागे बॉलपेनने लिहायचं नाही, मऊ पेन्सिलने कडेला लिहायचं. आई सगळं ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "ती म्हातारी जेवली का विचार." काका मात्र खूश झाले. आईचा चष्मा जिथे हरायचा तिथे ते फोटो खिडकीशी नेऊन बघायचे आणि फोनवर मला लिहून घ्यायला लावायचे: मागे उभा डावीकडून तिसरा, लोकोशेडमधला फिटर, तुझ्या बाबांच्या लग्नात जेवण वाढायला होता.

शरद ऋतूत इतिहास मंडळाकडे एक वही आली. गावात पूर्वी कबरी खोदायचं काम एकच माणूस करायचा. तो कधीच वारला होता. आता त्याच्या मुलीने घर विकायला काढलं, तेव्हा माळ्यावर बापाची वही सापडली. काळ्या कापडी पुठ्ठ्याची, रेघा नसलेली. चर्चची अधिकृत रजिस्टरं वेगळी होती, ही त्याची स्वतःची. कोणती कबर किती खोल, शेजारी कोण, मुळं कुठे लागतात, असं सगळं.

आजींनी ती वही कागदात गुंडाळून माझ्या दारात ठेवली आणि दोन पावलं मागे उभ्या राहिल्या. "हे तू टाईप कर. अक्षर बारीक आहे, माझे डोळे आता ते वाचत नाहीत."

जुन्या वळणाचं डच, वर एका मजुराचं अक्षर. पहिल्या आठवड्यात मला दिवसाला दोन पानंसुद्धा जमेनात. मग त्याची लकब कळली. तो महिन्यांची नावं अर्धीच लिहायचा, सातला आडवी रेघ द्यायचा. वहीच्या मधल्या भागात काही ओळी मला अडल्या. त्यांना रांग नव्हती, क्रमांक नव्हता. पहिलं नावही नव्हतं. नुसतं 'मूल', पुढे आडनाव, मुलगा की मुलगी, तारीख, आणि एक शब्द: 'कुंपण'. मग पाण्याच्या पंपापासून किती पावलं, तो आकडा. अशा एकूण नऊ ओळी होत्या.

मी दुसऱ्या दिवशी दफनभूमीत आजींना म्हणालो, "काही नोंदींना नंबरच नाही. मुलांच्या आहेत. कुंपणापाशी, असं लिहिलंय. या वेगळ्या शीटमध्ये टाकू का?"

त्या ब्रश पाण्यात बुडवत होत्या. ब्रश बादलीतच राहू दिला. "टाक," म्हणाल्या. मग हातमोजे काढले, सायकलच्या पिशवीत ठेवले आणि आज थंडी आहे म्हणून निघून गेल्या. आरसा तिथेच राहिला. मी तो घरी घेऊन आलो.

पुढचे आठ-नऊ दिवस त्या आल्या नाहीत. दाराशी जाऊन मी बेल वाजवली की खिडकीतून हात करायच्या, बरी आहे अशी खूण करायच्या. बायको म्हणाली, "तू काहीतरी बोललास." मी काय बोललो होतो ते मला कळत नव्हतं.

मग एका रविवारी त्यांनीच आम्हाला मागच्या अंगणात बोलावलं. दोन टोकांना खुर्च्या मांडल्या होत्या, मध्ये स्टुलावर कॉफीचा थर्मास. बायको वर कामात होती, मी एकटाच गेलो.

"माझे डोळे ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "वही मी वाचू शकले असते. मला वाचायची नव्हती."

लग्नानंतर दुसऱ्या हिवाळ्यात त्यांना पहिलं मूल झालं. मृत जन्मलं. घरीच बाळंतपण झालं. सुईणीने कपड्यात गुंडाळलं आणि तोंड फिरवून बाहेर नेलं. बघू नकोस, त्याने विसरायला सोपं जातं, असं तेव्हा सगळेच सांगत. बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला पवित्र केलेल्या जमिनीत जागा नव्हती. त्यांचा नवरा लाकडी पेटी घेऊन गेला आणि तासाभराने रिकाम्या हातांनी परत आला. कुठे ठेवलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. मुलगा होता की मुलगी, हेही नाही.

"नंतर कधीच विचारलं नाही?" मी विचारलं.

"एकदा विचारलं. तो उठून गोठ्यात गेला. मग दोन मुलं झाली, मी शाळेत लागले. पन्नास वर्षं एका टेबलावर जेवलो आम्ही." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या वहीत असेल तर आहे. नसेल तर नाही. तू बघ, आणि मला सांग."

त्यांनी तारीख सांगितली. आठवावी लागली नाही.

घरी येऊन मी ती शीट उघडली. त्यांच्या नवऱ्याचं आडनाव त्या गावात फार जणांचं आहे. एकाच हिवाळ्यात त्या आडनावाच्या दोन ओळी होत्या. एकीपुढे मुलगा, दुसरीपुढे मुलगी. मी तक्त्यावर विश्वास न ठेवता मूळ पान काढलं, भिंगाने तारखा पुन्हा वाचल्या, सात आणि एक यांत घोळ नाही ना ते वहीतल्या इतर सातांशी ताडून बघितलं. बायकोला वरून खाली बोलावलं आणि काही न सांगता वाचायला लावलं. तिनेही तेच वाचलं. आजींच्या तारखेनंतरचा दुसरा दिवस. मुलगी. कुंपण, पंपापासून पाच पावलं. आणि शेवटी त्या माणसाने एक जास्तीचा शब्द लिहिला होता, जो दुसऱ्या कुठल्याच ओळीत नव्हता: 'गोठलेलं'. जमीन गोठलेली होती, एवढाच त्याचा अर्थ असावा.

मी प्रिंट काढला नाही. वही घेऊनच गेलो. त्या अंगणात पानं गोळा करत होत्या.

"सापडलं," मी म्हणालो. "मुलगी होती."

त्यांनी पानं ओढायचं दाताळं भिंतीला लावलं. ते घसरून पडलं, पुन्हा उचलून लावलं. "मुलगी," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं मुलगा धरून चालले होते. त्याला शाळेत घातलं, सैन्यात पाठवलं. सगळं मनात." मग वहीकडे हात केला. मी वही बाकावर ठेवून मागे सरलो. त्या चष्मा न लावता ती ओळ वाचत बसल्या. रडल्या की नाही, ते मला दिसलं नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्या काळात कुणाच्या खांद्यावर हात ठेवता येत नव्हता, आणि मी ठेवला असता का, हेही मला माहीत नाही.

आता प्रश्न जागेचा होता. पंप कधीच काढून टाकला होता आणि कुंपणही. तिथे आता गवत होतं, आणि एका बाजूला वाळलेली फुलं टाकायचा खड्डा. मंडळातल्या कुणालाच पंप नक्की कुठे होता ते सांगता येईना. तिघांनी तीन जागा दाखवल्या. तेव्हा आजींनी गावच्या पत्रिकेत चार ओळी दिल्या: दफनभूमीचा, कुठल्याही निमित्ताने काढलेला, जुना फोटो कुणाकडे असल्यास हवा आहे.

हिवाळ्यात फोटो येत राहिले. बहुतेकांत नुसती माणसंच. मग एका शेतकऱ्याने त्याच्या बहिणींचा फोटो पाठवला. पांढऱ्या झग्यातल्या तीन मुली, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा दिवस, उन्हाने डोळे बारीक केलेले. मागे अवजारांच्या खोलीची विटांची भिंत, तिची छोटी खिडकी आणि भिंतीला लागून उभा पंप. ती खोली अजून आहे. मी फोटो मोठा केला आणि खिडकीच्या चौकटीपासून पंपापर्यंतच्या विटा मोजल्या. साडेनऊ. दुसऱ्या दिवशी आम्ही भिंतीपाशी तितक्याच विटा मोजल्या आणि खालचं शेवाळ उचकटलं. जमिनीच्या पातळीला कापलेला लोखंडी पाईप निघाला.

तिथून पाच पावलं कुणाची घ्यायची, यावर मंडळात बरीच चर्चा झाली. कबर खोदणाऱ्याची मुलगी म्हणाली, "बाबा बुटके होते, माझ्याएवढे." मग तिनेच पावलं टाकली.

एप्रिलमध्ये भुसावळला काका गेले. दुसऱ्या लाटेत हॉस्पिटलात बेड मिळाला, पण आठवडा काढता आला नाही. नगरपालिकेच्या माणसांनीच दहन केलं, लांबून बघायला दोघांना परवानगी होती. शोकसभेसाठी फोटो हवा होता, तर काकांचा एकट्याचा एकही नव्हता. सगळ्यांत ते कुणाच्या तरी मागे उभे. आईने लग्नाच्या ग्रुप फोटोतून काढून घ्यायला सांगितला. मी संगणकावर कापला, तरी खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात राहिला. तो मी पुसला नाही. ट्रंकेतल्या फोटोंमधल्या एकशे दहा माणसांची नावं काकांनी तोपर्यंत सांगून ठेवली होती. उरलेली कळायचा मार्ग आता नाही. त्यांच्यापुढे मी टिंबं दिली आहेत.

आजींना सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तू जाऊ शकत नाहीस?" नाही म्हटलं. संध्याकाळी दाराशी सूपचं भांडं ठेवलेलं होतं.

लस घेऊन झाल्यावर त्या इथल्या नगरपालिकेत गेल्या. पूर्वी मृत जन्मलेल्या मुलांना नागरिकांच्या नोंदवहीत जागा नसे. आता आईवडिलांनी अर्ज केला तर कितीही वर्षांनी नोंद होते. मुलगे येऊ शकत नव्हते म्हणून मी सोबत गेलो. काचेमागच्या मुलीने जुने दाखले शोधले आणि एक कागद काढला. त्या वेळी नवऱ्याने येऊन मृत जन्माचा वेगळा दाखला केला होता. त्यावर 'मुलगी' असं स्पष्ट लिहिलेलं, खाली त्याची सही.

आजी सही बघत राहिल्या. "म्हणजे याला माहीत होतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "एकट्यालाच." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या रागावल्या होत्या की त्यांना त्याची कीव आली होती, ते मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि पुढे विचारलंही नाही.

काचेमागच्या मुलीने विचारलं, "नाव लावायचंय का?" आजींनी नाव सांगितलं, अक्षरं सुटी करून. त्यांच्या मुलग्यांनाही ते नंतर कळलं. इथे मी ते लिहीत नाही.

चर्चने त्या गवताच्या कडेला एक दगड बसवायला परवानगी दिली. नऊ ओळींपैकी आणखी दोन घरांतली माणसं पुढे आली. त्यांतल्या एका बाईला आपल्याला थोरला भाऊ होता हेच माहीत नव्हतं. उरलेल्या सहा जणांची फक्त आडनावं दगडावर घातली, आणि तारखा. आजींनी कारागिराला बजावलं की अक्षरं खोल कोर.

पुढच्या उन्हाळ्यात विमानं सुरळीत झाली आणि आई तीन महिने आमच्याकडे आली. ट्रंकेतले फोटो तिने हँडबॅगेत आणले होते. ती आणि आजी दुपारी आमच्या अंगणात अल्बम घेऊन बसायच्या. आई मराठीत बोलायची, आजी डचमध्ये. मी लॅपटॉपवरून मान वर करून अधूनमधून अनुवाद करायचो, पण माझी फार गरज नव्हती. एकदा आईच म्हणाली, "तिची पोरगी कुठंय ते दाखव ना मला."

आम्ही तिघं गाडीने गेलो. आईने चपला गवताबाहेर काढल्या, दगडासमोर हात जोडून हळू आवाजात त्रिशरण म्हटलं, मग पंचशील. आजी शेजारी काठी टेकून उभ्या होत्या. संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय म्हणाली?" मी माझ्या डचमध्ये जमेल तसं सांगितलं. मध्ये दोन शब्द अडले, ते त्यांनीच मला पुरवले.

आईने वाकून दगडावरचं नाव बोटाने वाचायचा प्रयत्न केला आणि मला विचारलं, "हे कसं म्हणायचं?"

मी सांगितलं. तिने म्हणून बघितलं. चुकलं. आजींनी तिला पुन्हा सांगितलं, हळू, शाळेत सांगावं तसं, आणि आईने दुसऱ्या वेळी बरोबर म्हटलं.